आजोबांचा ‘मूर’: पानं सुटी करण्याआधी

तुमचं पत्र वाचलं आणि सोबतचे अकरा फोटोही नीट पाहिले. दादरचं घर रिकामं करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचं एक जाड पुस्तक निघालं. आजोबा कारवारला जंगलखात्यात होते. पुस्तकाची पाठ कातडी आणि सुटलेली, शीर्षकपान गायब. आत हाताने रंगवल्यासारखी फुलपाखरांची चित्रं, काही पानांवर पेन्सिलीने मराठीत टिपणं, आणि एका जागी दाबून ठेवलेलं खरंखुरं फुलपाखरू. जुन्या वस्तूंचे एक व्यापारी येऊन गेले. ‘मजकुराला कोणी विचारत नाही, चित्रं सुटी करून फ्रेममध्ये घालू, एकेक वेगळं विकू,’ असं त्यांनी सांगितलं. हे पुस्तक कोणतं, चित्रं खरोखर हाताने रंगवलेली आहेत का, आणि आता काय करावं, हे तुम्ही विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते गृहस्थ परत येण्याआधी ते तुमच्या हाती असायला हवं. एकही पान सुटं करू नका. जी आपोआप सुटली आहेत ती आहेत त्याच क्रमाने राहू द्या. पुसू नका, चिकटवू नका, उन्हात ठेवू नका.

माझं काम जुनी पुस्तकं दुरुस्त करण्याचं, आणि ती पुरी आहेत की अपुरी हे तपासून देण्याचं. गिरगावात ३१ वर्षं हेच करते आहे. माझ्या टेबलावर आलेल्या पुस्तकांत सगळ्यांत जास्त कापाकापी झालेली पाहिली ती फुलपाखरांच्या आणि पक्ष्यांच्या पुस्तकांची. चित्र सुंदर असतं, एका पानावर मावतं, भिंतीवर शोभतं. त्यामुळे कात्री आधी यांच्याकडेच वळते.

आता पुस्तक कोणतं ते बघू. ट्रंकेच्या तळाशी मिळालेल्या फाटक्या कागदी वेष्टनावर ‘एल. रीव्ह अँड कंपनी, लंडन’ एवढं वाचता येतं. या प्रकाशकाने आपल्याकडच्या फुलपाखरांवरची दोन मोठी कामं काढली, आणि दोन्ही फ्रेडरिक मूर यांची. पहिलं ‘लेपिडॉप्टेरा ऑफ सिलोन’ (लेपिडॉप्टेरा म्हणजे फुलपाखरं आणि पतंग), १८८० ते १८८७, तीन खंड, २१५ प्लेट्स, म्हणजे चित्रांची वेगळी छापलेली पानं. दुसरं ‘लेपिडॉप्टेरा इंडिका’, १८९० ते १९१३, दहा खंड, ८३५ प्लेट्स. खंड बदलला तरी प्लेट्सचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होत नाहीत, सलग पुढे जातात. तुमच्या चौथ्या फोटोत प्लेटच्या कोपऱ्यात २४८ हा आकडा स्पष्ट दिसतो. सिलोनचं पुस्तक २१५ वर संपतं. म्हणजे तुमच्याकडे ‘इंडिका’चा एक मधला खंड आहे.

दहापैकी एकच खंड आहे म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. हे पुस्तक एकदम छापून बाजारात आलेलं नाही. वर्गणीदारांना थोडी पानं आणि थोड्या प्लेट्स असे भाग कागदी वेष्टनात टपालाने जायचे, आणि भाग पुरेसे जमले की वर्गणीदार आपल्या पैशाने ते बांधून घ्यायचा. तेवीस वर्षं चाललेलं हे काम. त्यात कोणाची बदली झाली, कोणाची वर्गणी थांबली, कोण वारलं. सुटे खंड राहणं साहजिकच होतं. म्हणून ते फाटकं वेष्टन रद्दीत टाकू नका. एखादा भाग नक्की कधी बाहेर पडला हे बऱ्याचदा वेष्टनावरूनच कळतं. प्राण्यांच्या नामकरणात आधी प्रसिद्ध झालेलं नाव टिकतं, त्यामुळे तारखेला फार किंमत असते. बांधणावळीत ही वेष्टनं बहुतेकांनी काढून फेकली. तुमच्या आजोबांनी, किंवा त्यांच्या आधीच्या मालकाने, एक तरी जपलं.

या पुस्तकाचा मुंबईशी असलेला धागा मला फार जवळचा वाटतो. मूर हे लंडनमधल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयात काम करणारे. इथून गेलेली फुलपाखरं त्यांनी तिथे बसून अभ्यासली. १९०७ मध्ये ते वारले तेव्हा ‘इंडिका’ अपुरं होतं, आणि ते पुरं केलं कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी. हे स्विन्हो म्हणजे १५ सप्टेंबर १८८३ ला भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, जमून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी एक. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. सोसायटीचं बस्तान सुरुवातीला फोर्टात फिप्सन यांच्या वाइनच्या दुकानामागच्या खोलीत होतं. लंडनमध्ये छापलेल्या तुमच्या पुस्तकाचं एक मूळ असं आपल्या शहरात आहे.

चित्रं हाताने रंगवलेली आहेत का, हे तुम्हाला घरीच तपासता येईल. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे असतं तसं. खिडकीशी बसा, पण पानावर थेट ऊन पडू देऊ नका.

आजच्या किंवा गेल्या शंभरेक वर्षांतल्या छापील रंगीत चित्रावर भिंग ठेवलं की ठिपक्यांची जाळी दिसते, एकसारखी, रांगेत, कापडाच्या विणीसारखी. तशी जाळी दिसली तर ते हातरंगकाम नव्हे. त्याआधीची रंगीत शिळाछापाई वेगळी दिसते. तिथेही बारीक ठिपके असतात, पण रांगेत नसतात, आणि एका रंगाच्या ठिपक्यांवर दुसऱ्या रंगाचे चढलेले असतात. हाताने रंगवलेल्या शिळाछापात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. खाली काळी किंवा करडी छापील रेघ, दगडावर तेलकट खडूने काढल्यामुळे थोडी रवाळ. वर रंगाचा सलग, पातळ थर, त्यात कुंचल्याच्या ओढीची दिशा. कडेला कुठेतरी रंग रेघेच्या जरा बाहेर गेलेला असतो, कुठे आतच थांबलेला. ती चूक दिसली की मला हायसं वाटतं, कारण तिथे माणसाचा हात होता.

यापेक्षाही जुनी, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रं असतील तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेची दाबखूण कागदात उठलेली असते. बोट फिरवलं तर लागते. शिळाछापात ती नसते. तुमच्या पुस्तकात ती नसेल, आणि नाही म्हणून घाबरू नका.

एक चित्र जवळून दाखवते. याच पुस्तकाचा एक खंड गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आला होता, त्यात हळदीकुंकू होतं. आपल्या झाडांवर संथ उडणारं, खालच्या बाजूला पिवळं आणि कडेला लाल ठिपक्यांची रांग असलेलं हे फुलपाखरू तुम्ही पाहिलेलं असणार. इंग्रजीत त्याला कॉमन जेझबेल म्हणतात. पंखांचा पांढरा भाग रंगवलेलाच नव्हता, तो कागदाचाच पांढरा होता, आणि त्यावर काळ्या शिरा. खालच्या बाजूची हळद एकाच हाताने घातलेली, शिरेपाशी थोडी दाट. लाल ठिपके सगळ्यांत शेवटी टेकवलेले. एका ठिपक्यात कुंचला उचलताना रंगाचा थेंब साचून वाळला होता. तिरक्या उजेडात तो कुंकवाच्या टिकलीसारखा किंचित वर आलेला दिसे. आणि शेजारच्या गडद पंखाच्या काळ्यावर झळाळी होती, कारण त्यावर अरबी गोंदाचा हात फिरवलेला. काळा अधिक खोल दिसावा म्हणून रंगवणारे तो लावत.

त्या झळाळीबद्दल माझ्याकडून झालेली चूक सांगायलाच हवी. कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अशाच एका प्लेटवर माशीच्या विष्ठेचे डाग होते. डाग पंखाच्या कडेला होते, म्हणून मी ओलसर कापसाचा बोळा अगदी हलक्या हाताने टेकवला. डाग निघाला, आणि त्याबरोबर नखाएवढ्या जागेतला गोंदही विरघळला. तिथला काळा मलूल पडला, आणि तो आजतागायत तसाच आहे. पुस्तक ज्यांचं होतं त्यांना मी त्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून रंगवलेल्या पानाला पाणी लावण्याआधी मी सुईसारख्या बारीक टोकाच्या कुंचल्याने एका कोपऱ्यात रंग सुटतो का हे पाहते, आणि दहातल्या नऊ वेळा पाणी लावतच नाही. तुम्हाला सांगायचं ते एवढंच: घरी पाव चोळून, खोडरबर घासून, ओल्या फडक्याने पुसून चित्रं ‘उजळवू’ नका. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ बाहेरच्या दिशेने झटकणं पुरे.

आणखी दोन गोष्टी भिंगाखाली दिसतील. कुठे पांढरा रंग काळपट, शिसपेन्सिलीच्या छटेसारखा झाला असेल तर तो मळ नाही. शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकाने काळवंडतो, आणि शहराच्या हवेत तो अधिकच. तो परत पांढरा करता येतो, पण ते काम प्रयोगशाळेत व्हायचं. आणि हिरव्या रंगामागे पानाच्या पाठीवर तपकिरी सावली उमटली असेल तर तो तांब्याचा हिरवा रंग आहे. तो कागद हळूहळू खातो. अशी पानं वाकवू नका, तिथेच तडकतात.

आता मूळ मुद्द्यावर येते, म्हणजे मजकुरावर. ‘मजकुराला कोणी विचारत नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

जुनं फुलपाखराचं चित्र ही सजावट म्हणून काढलेली वस्तू नव्हती. तो पुरावा होता. मारिया सिबिला मेरियन ही बाई १६९९ मध्ये मुलीला घेऊन सुरिनामला गेली आणि १७०५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला तिचं ६० प्लेट्सचं पुस्तक निघालं. बहुतेक चित्रांत सुरवंट, कोष, फुलपाखरू किंवा पतंग, आणि तो सुरवंट जे झाड खातो ते, असं सगळं एकत्र. तिच्या मजकुराशिवाय चित्र पाहिलं तर ते नुसतं देखणं फूल वाटतं. डच व्यापारी पीटर क्रॅमर यांच्या पुस्तकाच्या पहिल्या चार खंडांत ४०० प्लेट्स आहेत. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू ठरवलं त्या ब्लू मॉर्मनला, आपल्या राणी पाकोळीला, ‘पॉलिम्नेस्टर’ हे शास्त्रीय नाव याच पुस्तकात १७७५ मध्ये मिळालं. आणि मघाचं हळदीकुंकू? त्याचं ‘यूकॅरिस’ हे नाव ड्रू ड्रूरी यांच्या पुस्तकातलं, १७७३ चं. त्या पुस्तकाच्या प्लेट्स मोझेस हॅरिस यांच्या हातच्या. हॅरिस स्वतः ‘द ऑरेलियन’ या १७६६ च्या देखण्या पुस्तकाचे कर्ते.

ज्या नमुन्यांवरून ही नावं दिली त्यांतले कितीतरी आज उरलेले नाहीत. कीड लागली, लिलावात विखुरले, हरवले. तेव्हा एखादं नाव नक्की कोणत्या फुलपाखराचं हे ठरवायला छापील चित्र आणि त्यासमोरचा मजकूर एवढाच आधार राहतो. कुठून आलं, नर की मादी, कोणाच्या संग्रहातलं, हे मजकुरात असतं. चित्र भिंतीवर आणि मजकूर रद्दीत गेला की दोघांचाही आधार तुटतो. म्हणून मी कापायला नको म्हणते. पैशाचा विचार केला तरी, पुरा खंड ग्रंथालय किंवा जाणकार संग्राहक घेऊ शकतो. कापलेल्या खंडाचं उरलेलं धूड कोणीच घेत नाही. फोर्टातल्या एका कार्यालयाच्या स्वागतकक्षात अशी बारा चित्रं मी फ्रेममध्ये लटकलेली पाहिली आहेत. त्यांच्या मुळातला खंड नंतर योगायोगाने माझ्याकडेच आला: पाठ शाबूत, मजकूर शाबूत, आणि मध्ये मध्ये कापलेल्या पानांच्या बोटभर पट्ट्या.

तेव्हा पहिलं काम मोजण्याचं. एक वही घ्या. प्रत्येक प्लेटचा आकडा, आणि मजकुराच्या प्रत्येक पानाचा आकडा, ज्या क्रमाने आज आहे त्याच क्रमाने लिहा. नसलेल्याच्या जागी फुली मारा. मग ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या संकेतस्थळावर जा. ‘लेपिडॉप्टेरा इंडिका’ तिथे पूर्ण, फुकट पाहायला आहे. तुमच्या खंडातली पहिली आणि शेवटची प्लेट कोणती असायला हवी हे तिथे कळेल, आणि गहाळ शीर्षकपानावर काय होतं तेही. रंग मात्र पडद्याशी ताडून पाहू नका. एका नमुनाचित्रावरून अनेक हातांनी रंगवलेल्या प्रती त्या, दोन प्रतींचे रंग तंतोतंत जुळत नाहीत.

ट्रंकेत ‘आणखी काही इंग्रजी पुस्तकं’ आहेत असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. तीही पाहा. बिंगहॅम यांचे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चे फुलपाखरांवरचे दोन खंड, १९०५ आणि १९०७ चे, किंवा हॅम्पसन यांचे पतंगांवरचे चार, १८९२ ते १८९६ चे, असू शकतात. इव्हान्स यांचं १९२७ चं ओळखपुस्तक किंवा विंटर-ब्लाइथ यांचं १९५७ चं, दोन्ही सोसायटीनेच काढलेली, असू शकतात. ही मूरइतकी दुर्मीळ नाहीत, पण कारवारच्या जंगलखात्यातल्या माणसाकडे मला सगळ्यांत जास्त उत्सुकता आहे ती सोसायटीच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांची. कारवार ही या विद्येची मोठी जागा. डेव्हिडसन, बेल आणि एटकिन या तिघांनी तिथे सुरवंट पाळून, त्यांचं खाद्य शोधून, उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर १८९६ पासून त्या नियतकालिकात लिहिलं. बेल तर जंगलखात्यातलेच. नंतर १९०९ पासून त्यांची मैदानी प्रदेशातल्या फुलपाखरांवरची लेखमाला बरीच वर्षं चालली. असे सुटे अंक रद्दीवाल्याला किलोवर जातात. ते जाऊ देऊ नका.

दाबलेल्या फुलपाखराबद्दल. ते ओढून काढू नका. पंखांवरचे खवले कागदाला चिकटलेले असतात, आणि अंगातल्या चरबीने समोरच्या पानावर तेलकट डाग पडतो. तो तुमच्या नवव्या फोटोत दिसतोच आहे. त्या पानापुरता दोन्ही बाजूंना आम्लविरहित पातळ कागद सरकवून ठेवा. ते सुटंच झालं असेल तर कागदाच्या त्रिकोणी घडीत ठेवा. संग्राहक पूर्वीपासून तशाच घड्यांत फुलपाखरं ठेवत आले आहेत. घडीवर कोणत्या पानात मिळालं ते पेन्सिलीने लिहा. आणि ते, किंवा घरात काचेच्या पेटीत टोचलेली फुलपाखरं असतील तर तीही, विकायच्या वाटेला जाऊ नका. अनेक जातींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

मुंबईची हवा हा पुस्तकांचा खरा शत्रू. हवेतली आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या वर गेली आणि तशीच राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या बरीच वर असते. समुद्राकडच्या किंवा पावसाचा मारा घेणाऱ्या भिंतीला टेकून कपाट ठेवू नका, मागे हातभर जागा सोडा. लोखंडी कपाट वाळवीपासून वाचवतं, पण दार महिनोन्‌महिने बंद राहिलं तर आत ओल कोंडते. कोरड्या दिवशी, दुपारी, तासभर दार उघडून पंखा लावा. दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद, यापेक्षा ते नसलेलं बरं. एकाच दिवसातल्या चढउताराने कागद आणि कातडं दोन्ही ताणतात.

डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही, आणि त्यांचा वास तुमच्याही छातीला चांगला नाही. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या तळाशी ठेवायला माझी हरकत नाही. कडुनिंबाची पानं पुस्तकात घालू नका, डाग पडतात. पोथ्या बासनात बांधून ठेवायची आपली पद्धत मात्र आजही उत्तम आहे. मांजरपाटाचं कापड आणा, दोनदा धुऊन खळ पूर्ण काढा, वाळवा, आणि पुस्तक त्यात आडवं बांधून ठेवा. लाल रंगीत कापड नको, ओल लागली तर रंग उतरतो. विंटर-ब्लाइथसारख्या पुस्तकांत चकचकीत आर्ट पेपर असतो. तो ओला होऊन वाळला की पानं एकमेकांना कायमची चिकटतात. तसं काही भिजलेलं आढळलं तर ते वाळू न देता लगेच जाणकाराकडे न्या.

बारीक भुरभुर पीठ पडत असेल, पानांना भोकं असतील, तर कीड जिवंत आहे. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून, हवा शक्य तितकी काढून, घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक पूर्ण दिवस उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरेल.

सुटलेली पाठ तशीच राहू द्या. पांढऱ्या सुती फितीने पुस्तक हलकं बांधा. सेलोटेप, बाजारातला पांढरा गोंद, लॅमिनेशन, यांतलं काहीही नको. मी अशा कामाला गव्हाच्या पिठाची खळ आणि जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, वापरते, कारण उद्या माझ्यापेक्षा हुशार कोणी आलं तर त्याला ते पाण्याने सोडवता यावं. नवीन कातडी बांधणी करून ‘नव्यासारखं’ करून देणाऱ्याकडे जाऊ नका. जुनी शिवण आणि जुने पुठ्ठे हेही या प्रतीचा भाग आहेत.

विकायचंच ठरलं तर घाई नको. किंमत मी इथे सांगणार नाही, कारण पानं मोजल्याशिवाय कोणीही सांगू नये, आणि जो फोटो पाहून सांगतो त्याच्यावर विसंबू नये. वही तयार झाली की दोन वेगळ्या जाणकारांना दाखवा आणि लेखी घ्या. परदेशातून कोणी मागितलं तर आधी १९७२ चा पुराणवस्तूंविषयीचा केंद्रीय कायदा लक्षात घ्या. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू त्यात येऊ शकतात आणि पुराणवस्तू ठरलेली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमची प्रत त्यात बसते का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी घेतल्याशिवाय टपालात टाकू नका. द्यायचंच असेल, तर काळा घोड्याजवळ हॉर्नबिल हाऊसमध्ये सोसायटीचं ग्रंथालय आहे, टाउन हॉलमध्ये १८०४ पासूनची एशियाटिक सोसायटी आहे. देण्याआधी विचारा की त्यांच्याकडे हा खंड आहे का, आणि तुमची प्रत टिपणांसकट, अखंड ठेवतील का. उत्तर कागदावर घ्या.

टिपणांचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. तुमच्या सातव्या फोटोत मजकुराचं पान आहे, चित्राचं नाही. मूर यांनी ज्याला ‘गरुडा’ नाव दिलं त्या फुलपाखराचं वर्णन तिथे आहे. आज त्याला आपण बॅरन म्हणतो, आंब्याच्या बागांत सर्रास दिसतं. समासात तुमच्या आजोबांनी बारीक, सरळ अक्षरात लिहिलं आहे: ‘आंबा, कोवळं पान. हिरवा, दोन्ही अंगांना पिसासारखे काटे. शिरेवर बसला की दिसत नाही. जून ३८.’ हे वर्णन अगदी बरोबर आहे. बॅरनचा सुरवंट पानाच्या मधल्या शिरेवर असाच अंग चोरून बसतो, आणि बाजूचे काटे पानाच्या पोतात मिसळून जातात. आजोबांनी तो स्वतः शोधला, पाहिला, आणि पुस्तकात नेमका त्याच्या जागी नोंदवला. ज्या पानांना ते गृहस्थ बिनकामाची म्हणाले त्यांतलंच हे एक.

खोडरबर या पुस्तकाजवळही येऊ देऊ नका. टिपणं असलेल्या प्रत्येक पानाचा वेगळा फोटो काढा, पूर्ण समासासकट, तिरक्या उजेडात. सातव्या फोटोत ‘जून ३८’ च्या खाली आणखी एक ओळ आहे. ती फोटोच्या कडेला अर्धी कापली गेली आहे, मला फक्त ‘कोष’ एवढाच शब्द लागतो. तेवढं पान पुन्हा काढून पाठवा.